वतन, चाकरी आणि म्हणणे ऐकण्याची रीत

कोल्हापूर शहरापासून थोड्याच मैलांवर, करवीर तालुक्यात, गडमुडशिंगी नावाचे गाव आहे. उजळाईवाडीचा विमानतळ आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत ही दोन्ही त्याच्या शेजारची. त्यामुळे पाळीची वेळ, हजेरीपट, नोटीस, आरोपपत्र हे शब्द या परिसरातील घरांना परके राहिलेले नाहीत. एखाद्याला कामावरून काढले असे कळले म्हणजे घरातील वडील माणसे पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की त्याला अगोदर काही विचारले तरी होते काय? गुन्हा केला की नाही हा प्रश्न मागाहून येतो. या क्रमात न्यायाची एक फार जुनी समजूत दडलेली आहे. ती विलायती कायद्याबरोबर या देशात आली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. करवीर राज्याच्या इतिहासात तिचे धागे निराळ्या रीतीने गुंतलेले आहेत, आणि १९१८ हे साल त्या गुंत्यातील मुख्य गाठ होय.

त्या साली शाहू छत्रपतींनी आपल्या राज्यातील कुलकर्णी वतने बंद केली आणि गावोगाव पगारी तलाठी नेमण्याची व्यवस्था केली. पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याच्या ओसरीवर असलेले गावाचे दप्तर सरकारने नेमलेल्या नोकराच्या हाती गेले. हा फेरफार सामाजिक क्रांती म्हणून बहुधा सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची एक बाजू नोकरीच्या कायद्याची आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वतनदाराला काढणे आणि नोकराला काढणे या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. ज्या दिवशी कुलकर्ण्याच्या जागी तलाठी आला, त्या दिवशी गावच्या कारभारात एका प्रकारची सुरक्षितता संपली. तिच्या जागी दुसरी यावयास पुढे तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

वतन म्हणजे काय, हे प्रथम नीट ध्यानात घेतले पाहिजे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, किंवा सुतार, लोहार, कुंभार यांसारखे बलुतेदार हे सगळे काम करणारे खरे; पण त्यांचे काम ही त्यांची मालमत्ता होती. ते वारशाने येई, भावाभावांत वाटले जाई, गहाण पडे, प्रसंगी विकलेही जाई. त्याला हक्क होते, मानपान होते, गावच्या सणात ठरलेली जागा होती. अशा माणसाला त्याच्या कामावरून दूर करणे म्हणजे घरातून बाहेर काढण्यासारखेच होते. आणि घर कोणाचे याचा वाद जसा कोणी एका हुकमाने मिटवीत नाही, तसा वतनाचा वादही मिटविला जात नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले आणि करवीरच्याच गादीशी निगडित असलेले आज्ञापत्र वतनदारांकडे धाकटे पण स्वतंत्र देशनायक म्हणून पाहते आणि त्यांना आवरून धरण्याचा उपदेश करते. राजनीतीच्या दृष्टीने ती तक्रार होती. न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर तीच गोष्ट अशी दिसते, की या माणसांना सहज हलविता येत नव्हते.

मराठी अमदानीतील वतनाच्या तंट्यांचे शेकडो कागद आज छापून उपलब्ध आहेत. ते एकामागून एक वाचले असता कार्यपद्धतीचा एक ठराविक साचा डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रथम गोत, म्हणजे गावचे व परगण्याचे वतनदार आणि दिवाणाचे अधिकारी, एकत्र बसत. अग्रवादी आणि पश्चिमवादी या दोघांकडूनही राजीनामे लिहून घेत. राजीनामा या शब्दाचा आजचा अर्थ त्या वेळी नव्हता. सभेचा निवाडा मान्य करीन, असा तो कबुलीचा लेख असे. नोकरी सोडण्याच्या अर्जाला मराठीत हाच शब्द चिकटावा, ही भाषेची एक गमतीदार उलटापालट म्हटली पाहिजे. मग जामीन घेत. नंतर प्रत्येकाची तकरीर, म्हणजे त्याने स्वतः सांगितलेली हकीकत, लिहून घेतली जाई. तिच्यावर पुरसीस होई, म्हणजे उलट प्रश्न विचारले जात. साक्षीदारांना देवापुढे शपथ घालून बोलते केले जाई. गावचेच लोक एका बाजूला झुकलेले आहेत असा संशय एखाद्या पक्षाला आला, तर तो परस्थळ मागे, आणि वाद दुसऱ्या ठिकाणच्या सभेकडे पाठविण्यात येई. अखेरीस निवाडपत्र किंवा महजर होई. त्यात दोघांच्याही तकरिरी सविस्तर उतरविलेल्या असत, कोणत्या पुराव्यावरून काय ठरले ते लिहिलेले असे, आणि खाली हजर असलेल्यांच्या निशाण्या असत: पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, आणि इतरांच्या आपापल्या धंद्याच्या खुणा. हरणाऱ्याकडून येजितपत्र घेत. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तापलेल्या धातूचे दिव्य करावयास लावून सत्य ठरविणारी हीच सभा होती. हरकी आणि गुन्हेगारी यांवर सरकारचे उत्पन्न अवलंबून असल्यामुळे न्यायही स्वस्त नव्हता. तरीसुद्धा आजच्या खातेनिहाय चौकशीत ज्यांची अपेक्षा केली जाते, ती मुख्य अंगे तिच्यात हजर आहेत हे नाकारता येत नाही. आरोप काय ते सांगणे, दोन्ही बाजूंचे ऐकणे, साक्षीदार तपासणे, पक्षपाती न्यायाधीश टाळणे आणि कारणांसह लेखी निर्णय देणे, ही ती अंगे होत. शिवाय एक गोष्ट आजच्याहूनही पुढची होती. ज्याचे वतन अन्यायाने गेले असे ठरे, त्याला वतनच परत मिळे. रुपये देऊन त्याची बोळवण केली जात नसे.

पण हे संरक्षण कोणाला होते? कुलकर्णी पुष्कळदा स्वतः लिहीत नसे, गुमास्ता ठेवी. त्याच ओसरीवर, त्याच दप्तरापुढे बसून, प्रत्यक्ष लेखणी चालविणारा हा गुमास्ता मात्र वतनदाराच्या मर्जीवर असे. त्याला काढावयाला ना गोत लागे, ना महजर. एकाच कामाची ही दोन रूपे होती. मालकाला हलविण्यास परगण्याची सभा लागे. नोकराला हलविण्यास एक शब्द पुरे होई.

आणि या व्यवस्थेच्या तळाशी महार वतन होते. त्याचा विचार केल्यावाचून या प्रश्नाचा पुरा अर्थ लागत नाही. महारही वतनदारच. सीमेच्या वादात त्याची साक्ष मोलाची मानली जाई. त्याचे वतन सहज काढून घेता येत नव्हते, हे खरे. पण त्यालाही ते सोडता येत नव्हते. दिवसा-रात्री केव्हाही हाक आली की निघावयाचे, सांगावा पोचवावयाचा, सरकारी माणसाचे ओझे वाहावयाचे, आणि याबद्दल जमिनीचा तुकडा व बलुते यांवर समाधान मानावयाचे. घरातील एकाची पाळी असली तरी प्रसंगी सारे घरच राबे. ज्या चाकरीतून निघून जाण्याची मोकळीक नाही, तिच्यात काढले न जाण्याची हमी ही बेडीच ठरते. शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतनावरही घाव घातला आणि वतनी जमिनी त्या त्या कुटुंबाच्या नावे रयताव्याने करून देण्याचे धोरण स्वीकारले. दोन वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, कोल्हापूर भागातील माणगाव येथे भरलेल्या परिषदेत महाराज हजर होते आणि अध्यक्षस्थानी तरुण भीमराव आंबेडकर होते. पुढे १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे बिल मांडले, त्याच्या मुळाशी हीच वेदना होती. नोकरीचा करार दोन्ही बाजूंना मोकळा हवा, ही मागणी त्या काळी वरच्या वतनदारांकडून येण्याचे कारणच नव्हते.

१९१८ च्या आधी सोळा वर्षे कोल्हापुरात एक प्रकरण असे घडले होते, की त्यात वतन आणि चाकरी यांमधला फरक प्रत्यक्ष कसाला लागला. ते वेदोक्त प्रकरण. त्यातील धार्मिक व सामाजिक वाद सर्वश्रुत आहे. येथे फक्त त्याच्या नोकरीविषयक अंगाचा विचार करावयाचा आहे. राजघराण्यातील धर्मकृत्ये वेदोक्त मंत्रांनी व्हावीत असा महाराजांचा आग्रह होता आणि राजोपाध्यांनी त्यास नकार दिला. राजोपाध्ये हे पद वंशपरंपरेचे, त्यास जोडून इनामे. महाराजांच्या जागी एखादा उतावळा सत्ताधीश असता तर त्याने एका दिवसात जप्तीचा हुकूम काढला असता. येथे तसे घडले नाही. प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यात आली, राजोपाध्यांना चाकरी बजावण्याविषयी समज देण्यात आली, आणि ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले तेव्हा, मे १९०२ मध्ये, त्यांची इनामे खालसा झाली. राजोपाध्यांनी पोलिटिकल एजंटाकडे, त्यावर मुंबई सरकारकडे आणि अखेर हिंदुस्थान सरकारकडे दाद मागितली. कोठेही निर्णय फिरला नाही.

या अपिलांतील खरा कायदेशीर मुद्दा एवढाच, की ही इनामे घराण्याची स्वतःची मालमत्ता होती, की चाकरीचा मोबदला होता? मालमत्ता असेल तर राजाची आज्ञा मोडली म्हणून ती जात नाही. मोबदला असेल तर चाकरी नाकारल्याबरोबर त्याचा आधार सुटतो. वतन या शब्दाच्या पोटात ही दोन्ही उत्तरे शेकडो वर्षे एकत्र नांदली होती. १९०२ साली त्यांची फारकत झाली. प्रतिपक्षाची बाजूही येथे नमूद केली पाहिजे. ज्याने समिती नेमावयाची, ज्याने समज द्यावयाची, आणि ज्याची आज्ञा मोडली गेली, तो एकच होता. आपल्याच तंट्यात आपण न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व परस्थळ मागणाऱ्या जुन्या गावकऱ्यालाही ठाऊक होते. राजोपाध्यांना वरपर्यंत अपिलाच्या पायऱ्या मिळाल्या, हाच काय तो त्यावरचा उतारा.

कुलकर्ण्यांची गोष्ट याहून निराळी. राजोपाध्यांवर अवज्ञेचा आरोप होता. गडमुडशिंगीच्या किंवा आणखी कोणत्या गावच्या कुलकर्ण्यावर व्यक्तिशः कसलाही आरोप ठेवलेला नव्हता. सरसकट पदच नाहीसे करण्यात आले. कुलकर्ण्यांनी ओरड केली, वर्तमानपत्रांतून कडाक्याचा वाद झाला. आमचा गुन्हा काय, आमचे म्हणणे कोणी ऐकले, असा त्यांचा सूर होता. सूर समजण्यासारखा आहे. परंतु कायद्याने येथे एक रेघ ओढलेली आहे, आणि ती ओढणे अपरिहार्य आहे. माणसाला दोषी ठरवून काढावयाचे असेल तर त्याचे ऐकलेच पाहिजे. एखादे पदच राज्याला नकोसे झाले असेल तर त्या पदावरील प्रत्येकाची चौकशी भरविण्यात अर्थ नसतो. हाच प्रश्न पुढे स्वतंत्र भारतात हुबेहूब उभा राहिला. तामिळनाडू सरकारने १९८० साली आणि आंध्र प्रदेश सरकारने १९८४ साली आपापल्या राज्यांतील परंपरागत ग्रामाधिकाऱ्यांची पदे रद्द केली. ते ग्रामाधिकारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८२ आणि १९८५ च्या निकालांत न्यायालयाने दोन्ही सरकारांचा अधिकार मान्य केला. पद रद्द करणे म्हणजे शिक्षा म्हणून काढणे नव्हे, असे ठरविले. वारसाहक्काने गावचे पद मिळणे हेच घटनेच्या समतेच्या कलमाशी विसंगत आहे, असे तर याच न्यायालयाने १९६० सालीच सांगून ठेवले होते. कोल्हापूरचा १९१८ चा निर्णय या सर्वांच्या किती तरी आधीचा. मुंबई राज्याने परगणे व कुलकर्णी वतने कायद्याने नष्ट केली ती १९५० साली.

मात्र या रेघेचा दुरुपयोग होऊ शकतो, हेही विसरता कामा नये. नको असलेल्या एकाच माणसाला घालविण्यासाठी त्याचे पद रद्द केल्याचे सोंग करणारे मालक आणि संस्थाचालक काही थोडेथोडके नसतात. म्हणून न्यायालये हुकमाचे शब्द न पाहता त्यामागचा हेतू पाहू लागली.

आता नव्या तलाठ्याकडे वळावे. त्याला पगार मिळाला. गावच्या हंगामावर त्याचे पोट अवलंबून राहिले नाही. ज्या जातींना कित्येक पिढ्या दप्तराला हात लावता आला नव्हता, त्यांच्या मुलांना ते पद खुले झाले. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या होत्या. १९१८ चा निर्णय त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणावयास हरकत नाही. पण बढती, बदली, दंड, बडतर्फी या सर्व बाबतींत तलाठी आता सरकारच्या स्वाधीन झाला. कुलकर्ण्याची वंशपरंपरा गेली, तेव्हा तिच्याबरोबर गोत, तकरीर आणि निवाडपत्र हीही गेली. कुलकर्ण्याच्या गुमास्त्याची जी स्थिती होती, तीच आता सरकारी नोकराची झाली. फरक एवढाच, की मालक ओसरीवर बसलेला नव्हता. तो कचेरीत होता.

ही स्थिती केवळ कोल्हापुरापुरती नव्हती. इंग्रजी कायद्याचे त्या वेळचे तत्त्व असे, की सरकारी नोकर राजाची मर्जी असेपर्यंतच नोकर. १८९५ साली ऑस्ट्रेलियातील एका वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने हे तत्त्व रोखठोक शब्दांत सांगितले, आणि ते सगळ्या साम्राज्याला लागू झाले. वास्तविक त्याच इंग्लंडात १७२३ साली एका न्यायमूर्तीने अगदी उलट बोल उच्चारले होते. केंब्रिज विद्यापीठाने डॉक्टर बेंटले नावाच्या पंडिताच्या पदव्या त्याला न विचारता काढून घेतल्या होत्या. त्या परत करावयास लावताना न्यायमूर्ती म्हणाले, की आदमाला नंदनवनातून काढण्यापूर्वी प्रत्यक्ष परमेश्वरानेही त्याला खुलासा विचारला होता. परंतु पदवी ही मालमत्तेसारखी, आणि नोकरी ही मर्जीची. तेव्हा परमेश्वराचा तो दाखला नोकरांच्या कामी यावयास फार अवकाश लागला. येथेही वतन आणि चाकरी यांमधील तोच भेद दिसतो.

हिंदुस्थानात या मर्जीला पहिला लगाम १९१९ च्या कायद्याने बसला: ज्याने नेमले त्याच्याहून खालच्या अधिकाऱ्याने काढू नये. १९३५ च्या कायद्याने दुसरा लगाम घातला: काढण्यापूर्वी कारण दाखविण्याची वाजवी संधी द्यावी. तिचा खरा अर्थ १९४८ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे आलेल्या लाल यांच्या खटल्यात उघड झाला. लाल हे पंजाबातील सनदी अधिकारी. नियमाप्रमाणे संधी न देता त्यांना काढल्याचे ठरले, आणि कौन्सिलने जाहीर केले, की दावा दाखल झाला त्या दिवशी ते नोकरीतच होते. म्हणजे काढण्याचा हुकूम झालाच नाही असे समजावयाचे. जुन्या निवाडपत्रात अन्यायाने हिरावलेले वतन पूर्ववत् चालवावे असे ठरविले जाई, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. तथापि तुंबलेला पगार राजाकडून दाव्याने वसूल करता येत नाही, असेही त्याच निकालात ठरले. मान परत मिळाला, पैसा मिळाला नाही.

कोल्हापूरच्या नोकराला यांपैकी काहीच लागू नव्हते, कारण हे कायदे ब्रिटिश मुलखातील नोकरांचे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि पुढील वर्षी २६ जानेवारीस भारताची घटना अमलात आली. तिच्या ३११ व्या कलमाने नेमणाऱ्याचा अधिकार आणि कारण दाखविण्याची संधी ही दोन्ही संरक्षणे सरकारी नोकराच्या मूलभूत हमीत बसविली. तेव्हा कुठे गावचा तलाठी, त्याच्या आधीच्या कुलकर्ण्याप्रमाणे, ऐकून घेतल्यावाचून न काढला जाणारा माणूस झाला. या वेळी ती सुरक्षितता कुळामुळे आलेली नव्हती. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने या संधीची फोड करून सांगितली. आरोप नाकारण्याची संधी, विरुद्ध बाजूच्या साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची व आपले साक्षीदार आणण्याची संधी, आणि प्रस्तावित शिक्षेविरुद्ध बोलण्याची संधी, अशी ती फोड होती. यांपैकी शेवटची १९७६ च्या घटनादुरुस्तीने काढून घेतली. परंतु चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत मिळून त्यावर म्हणणे मांडता आले पाहिजे, असे १९९३ साली न्यायालयाने ठरविले आणि गेलेले काही अंशी भरून काढले.

कारखान्यातील कामगाराची वाट याहून खडतर. कोल्हापुरात १९०६ साली शाहू मिलचा पाया घातला गेला. पण या प्रश्नाचे रणांगण मुंबईच होते. तेथील गिरणीत नेमणूक आणि हकालपट्टी दोन्ही जॉबरच्या हाती. गावाकडून आलेल्या कोकणी वा घाटावरच्या माणसाला साच्यावर उभे करताना तो दस्तुरी घेई आणि दस्तुरी थांबली की साचा काढून घेई. तेथे आरोपही नसे आणि चौकशीही नसे. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपानंतर फॉसेट समिती बसली. तिच्यापुढील कामांपैकी एक म्हणजे गिरणीमालकांनी तयार केलेल्या स्थायी नियमांची छाननी होय. कामगाराला कोणत्या कारणासाठी, किती मुदतीची सूचना देऊन, कोणी काढावे, हे लेखी असावे की नसावे, यावर मुंबईत प्रथमच अशी जाहीर आणि बारकाईची चर्चा झाली. १९३१ साली व्हिटले आयोगाने जॉबरच्या हातून नेमण्याचा व काढण्याचा अधिकार काढून घ्यावा, अशी शिफारस केली. १९३८ च्या मुंबई कायद्याने स्थायी नियम सक्तीचे केले. याच कायद्याने संपावर जाचक बंधने घातली म्हणून आंबेडकरांनी आणि अन्य कामगार पुढाऱ्यांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप घडवून आणला, हेही त्याच कायद्याच्या इतिहासात मोडते. एका हाताने शिस्तीचे नियम लेखी झाले, दुसऱ्या हाताने ते मोडणाऱ्या मालकाविरुद्ध उभे राहण्याची ताकद कमी केली गेली. १९४६ साली मध्यवर्ती कायदा झाला आणि हे नियम बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत कारखान्याच्या दाराशी लावावे, असे त्याने बंधन घातले.

यानंतरचा निकाल बहुधा या सगळ्या कथेत सर्वांत दूरगामी म्हणावा लागेल. इंग्रजी कराराच्या कायद्यात अन्यायाने काढलेल्या नोकराला नुकसानभरपाई मिळते, नोकरी मिळत नाही. एका माणसाची चाकरी दुसऱ्यावर लादता येत नाही, असा त्यामागचा विचार. १९४९ साली मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने सांगितले, की औद्योगिक न्यायाधिकरण काढलेल्या कामगारांना कामावर परत घ्यावयास लावू शकते. करार नवा घडविण्याचा अधिकार अशा न्यायाधिकरणाला असतो. ते केवळ जुना करार वाचीत बसत नाही. ज्या कामगाराजवळ ना इनाम, ना सनद, ना कुळाचा हक्क, त्याला त्याची जागाच परत मिळू लागली.

तथापि कागदावरची संधी आणि हातात आलेली संधी यांत अंतर असते. निलंबित माणसाची चौकशी महिनोन्‌महिने चालते; त्या काळात चूल पेटावी कशी? मुंबई नागरी सेवा नियमांत अशी तरतूद होती, की निलंबित नोकराला फौजदारी कोर्टात शिक्षा झाली तर त्याचे अपील चालू असतानाही निर्वाहभत्ता दरमहा एक रुपया द्यावा. एक रुपया! हा नियम करणाऱ्याने तो भत्ता या नावाने लिहिला, हीच त्यातली क्रूर थट्टा. १९८३ साली महाराष्ट्र राज्याविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. त्याआधी मध्य प्रदेशातील एका प्रकरणात भत्त्याअभावी चौकशीच्या गावी जाताच न आलेल्या नोकराची बडतर्फी न्यायालयाने अवैध ठरविलीच होती. कारखान्यातील निलंबितांसाठी १९८२ च्या दुरुस्तीने पहिले नव्वद दिवस निम्मा आणि पुढे पाऊण पगार देण्याचे ठरले. याच सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात आणखी एक विषमता उघडी पडली. ट्रस्टच्या बाजूने कायद्यात मुरलेले अधिकारी आणि कर्मचारी मात्र एकटा. अशा चौकशीत त्यालाही वकील देऊ द्यावा, असा तो निर्णय झाला.

महाराष्ट्राने १९७१ साली कामगार संघटनांच्या मान्यतेचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालण्याचा जो कायदा केला व १९७५ च्या सप्टेंबरात अमलात आणला, त्याच्या चौथ्या परिशिष्टात अन्याय्य हकालपट्टीचे प्रकार एकेक करून सांगितले गेले. सूडबुद्धीने काढणे, खोट्या फौजदारी आरोपात गोवून काढणे, विनापरवानगी गैरहजेरीची बनावट सबब सांगून काढणे, क्षुल्लक चुकीबद्दल भलतीच शिक्षा देणे, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने चौकशी उरकणे, हे सारे त्यात आहेत. घाई हा स्वतंत्र दोष म्हणून कायद्यात लिहिला जावा, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. उलट अंगाने दिरंगाई हाही दोषच. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेने निलंबनानंतरची चौकशी सामान्यतः नव्वद दिवसांत पुरी करावी असे म्हटले आहे. करवीर तालुक्यातून गोकुळ शिरगावला कामाला जाणाऱ्या एखाद्याच्या हातात आरोपपत्र पडले, तर त्याने प्रथम पाहावयाच्या गोष्टी तीन: आरोपाची तारीख व प्रसंग स्पष्ट लिहिला आहे काय, खुलाशाला दिलेली मुदत किती, आणि चौकशी अधिकारी आरोप ठेवणाऱ्याहून निराळा आहे की तोच आहे.